गनीचाचांचं शांत मरण

आमच्या गावच्या नाटकात अब्दुल गनी तीस वर्षं मरत आलेत, पण एकदाही धड मेले नाहीत.

एरवी ते विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात. नाटकात म्हातारा पाटील त्यांचाच. तिसऱ्या अंकात ते प्राण सोडायला लागले, की प्रेक्षकांतून कोणीतरी बक्षीस पाठवतं, नाटक मंडळाचे पुंडलिकराव माइकवर देणाऱ्याचं नाव पुकारतात, आणि रिवाजाप्रमाणे नटाला उठून हात जोडावे लागतात. एका वर्षी चाचा सात वेळा मेले. लोक पोट धरधरून हसले. चाचा मात्र घरी जाऊन जेवले नाहीत. "एकदा तरी पब्लिक चूप बसून मले मरू देईन काय?" मी पडद्यामागचा प्रॉम्प्टर, हे गाऱ्हाणं दरवर्षी माझ्याच कपाळी.

यंदा कापसाच्या ट्रकनं वेशीची कमान पाडली. वेस नाही ते गाव कसलं! पाहुण्यानं उतरायचं कुठं अन् पत्ता सांगायचा कुठून? दुरुस्तीचे पैसे उभे करायला नाटक ठरलं, तेव्हा चाचांनी अटच घातली, "तिसऱ्या अंकात बक्षीस बंद." पुंडलिकरावांनी तोंड वाकडं करून कबूल केलं.

चाचांच्या बायको, हुस्नाबी चाची, यंदा पहिल्यांदा आल्या. "नवऱ्याचं मरण पाहाले कायले जाऊ?" म्हणून तीस वर्षं घरी बसलेली बाई वेशीसाठी पहिल्या रांगेत बसली.

तिसरा अंक लागला. चाचा खाटेवर पडले, श्वास अडकला, हात खाली लोंबला. मंडप चिडीचूप. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? तीस वर्षांचं मागणं पुरं होत होतं.

तेवढ्यात हुस्नाबी उठल्या. थेट स्टेजपाशी येऊन बटव्यातली शंभराची नोट खाटेवर ठेवली.

"हे वेशीले. अन् उठा आता. मले नाही पाहावत."

माझं डोकंच फिरलं. एका मिनिटात पडदा पडणार होता! "पडून राहा, चाचा," मी दातओठ खात पुटपुटलो.

चाचांनी एक डोळा उघडला. चाची पदरानं तोंड झाकून खरंच रडत होत्या. मंडपात कोणीही हसलं नाही.

चाचा उठले. हात जोडले. "आमच्या घरून वेशीले शंभर रुपये," असं स्वतःच पुकारलं आणि पाटलाची खोटी दाढी काढत खाली उतरून बायकोशेजारी जाऊन बसले.