वारुळातली किल्ली

माझे वडील शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवायचे. शाळेत शिकवून जे उरायचं ते घरी आणायचे. लोकांच्या काचेच्या कपाटात कपबश्या असत. आमच्या कपाटात सापाची कात, सुगरणीची तीन घरटी, गांधीलमाश्यांचं रिकामं पोळं आणि कसल्यातरी झाडाच्या साली असा ऐवज होता. कात ग्लिसरीनच्या पाण्यात भिजवून वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवायची, म्हणजे मऊ राहते. घरट्यांवर मोरचुदाचं पाणी शिंपडायचं, म्हणजे कीड लागत नाही. तांदळाला कीड लागली तर तो मात्र आईचा विषय होता.

"या सगळ्याचं करणार काय?" आई विचारायची. "वेळ आली की कळेल," वडील सांगायचे. आमच्या लाइनीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या आणि ती वेळ आली. लोकांनी नवी कुलपं आणली. वडिलांनी घराची दुसरी किल्ली लपवायला अंगणाच्या कोपऱ्यात वारूळ बनवलं.

किल्ली बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, डब्याच्या फटीत मेण, डब्यावर तारेच्या जाळीचा सांगाडा आणि त्यावर नदीकाठच्या एका पडक्या वारुळाची माती डिंकात कालवून थापलेली. दोन्ही हातांनी धरलं की सगळं वारूळ टोपलीसारखं उचललं जाई. वरच्या बिळातून त्यांनी आपली सर्वात देखणी कात अर्धी बाहेर सोडली. चोर हात लावणार नाही, याची त्यांना खात्री होती. चोराचा त्यांनी खोलवर विचार केला होता. श्रावणाचा केला नव्हता. आम्ही बौद्ध, आमच्या कॅलेंडरवर फक्त वडिलांच्या सुट्ट्यांना गोल केलेले असत.

नागपंचमीला असाच गोल होता. वडील त्र्यंबकच्या डोंगरात साली गोळा करायला जाणार होते. त्याच दिवशी साडेअकराला आईची एका शाळेत मुलाखत होती. लग्नानंतर, मला मांडीवर घेऊन अभ्यास करून, ती डी.एड. झाली होती. चार वर्षं अर्ज करत होती आणि वयोमर्यादा त्या वर्षाअखेर संपत होती. म्हणजे ही शेवटचीच. सकाळी मी आणि ती मावशीला द्वारका चौकात चांदवडच्या गाडीत बसवायला गेलो. आमच्यामागून वडिलांनी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून ते त्र्यंबकला गेले. आईची प्रमाणपत्रं घरात, नेसायची साडी घरात आणि दुसरी किल्ली वारुळात.

दहाला परत आलो तर अंगणात आठ-दहा बायका. वारुळावर हळदकुंकू, लाह्या, आघाड्याची पानं. वरच्या बिळातून दूध आत चाललेलं. एरवी त्यांना पूजेला पार मळ्यापर्यंत चालावं लागे. यंदा नागाने त्यांची सोय बघितली होती, तीही आमच्या अंगणात. पुढे होत्या शेजारच्या काकू. या काकू सहा वर्षांत आमच्या घरी घोटभर चहा प्यायल्या नव्हत्या. आई विचारायची आणि त्यांचा चहा आत्ताच झालेला असायचा. त्या आज आमच्या दारात गुडघे टेकून बसल्या होत्या.

आईने त्यांना किल्लीचं सांगितलं. काकूंनी कातीकडे बघितलं, मग आईकडे.

"आज खणत नाहीत, बाई. भाजीसुद्धा चिरत नाहीत आज."

"मी खणत नाही. नुसतं उचलायचंय. आमच्या ह्यांनी बनवलंय ते."

"तुम्ही मानत नाही, म्हणून आमचं मोडायचं का?"

मला वडिलांचा इतका राग आला, की ती कात तिथेच फाडावीशी वाटली. साडेदहा होत आले होते. आईने चपला काढल्या, पुढे झाली, हात जोडले, आणि जोडलेले हात सोडवून वारूळ अलगद उचललं. बायका मागे सरकल्या. आत बिस्किटाचा डबा होता. त्याच्या झाकणावर इंग्रज बाई चहा पीत होती. वडिलांचं मेण दुधालाही पुरून उरलं. किल्ली कोरडी होती. आईने वारूळ पुन्हा जागेवर ठेवलं, घसरलेलं आघाड्याचं पान नीट केलं. "चालू द्या तुमचं," म्हणाली. दहा मिनिटांत साडी बदलून, फाइल काखेत मारून ती बाहेर पडली.

संध्याकाळी वडील आले. दुधाला लागलेल्या मुंग्यांनी कातीची चाळण केली होती. तिच्याकडे बराच वेळ बघून त्यांनी सुस्कारा सोडला आणि मग आठवण झाल्यासारखं विचारलं, "हो, तुझं काय झालं?"

"सोमवारपासून बोलावलंय," आई म्हणाली.

पुढच्या श्रावणापर्यंत काकूंचा धाकटा आईच्याच वर्गात आला होता. नागपंचमीला काकू ताट घेऊन पुन्हा आमच्या अंगणात हजर. "बाई, किल्ली आधी काढून घ्या," त्या म्हणाल्या. "मग आम्हाला निवांत पूजा करता येईल." आईने किल्ली काढली, वारूळ पुसून जागेवर ठेवलं आणि विचारलं, "चहा टाकू का थोडा?"

काकूंचा आत्ताच झाला होता.