अडकित्त्यानं कापलेलं कार्ड

माझ्या पर्समध्ये आजही एकच कार्ड आहे, डेबिटचं. खात्यात असेल तेवढंच त्यातून निघतं, आणि खात्यात किती आहे ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. क्रेडिट कार्ड मी आयुष्यात घेतलं नाही. बँकेतून त्यासाठी फोन आला की मी पलीकडच्या मुलीला विचारायची, "तुझ्याकडे आहे का गं? मग आधी तुझं फेड." आणि फोन ठेवून द्यायची. शाळेत हा किस्सा मी इतक्या वेळा सांगितला की शेवटी शेवटी बाकीच्या शिक्षिका माझ्याआधीच हसायला लागायच्या. तेव्हा मी तो मोठ्या ऐटीत सांगत असे. आता सांगवत नाही.

या हट्टाचं मूळ तिवशाच्या एका किराणा दुकानात आहे. लहानपणी आई मला तेलाची बाटली देऊन तिथे पाठवायची. पैसे महिनाअखेरीस द्यायचे असत. दुकानदार वाईट माणूस नव्हता, पण रोखीवाल्यांचं आधी करायचा. माझ्यानंतर आलेली माणसं सामान घेऊन निघून जायची आणि मी बाटली या हातातून त्या हातात करत उभी राहायची. एकदा माझ्याच वर्गातली एक मुलगी माझ्यामागून आली, गूळ घेऊन गेली, आणि जाताना तिनं वळून पाहिलं. त्या दिवशी मी ठरवलं की मोठी झाले की कोणाचं एका पैशाचंही देणं ठेवायचं नाही. ठरवलं ते पार पाडलं. घरात हे मला कोणी शिकवलं नव्हतं, माझं मीच ठरवलेलं होतं.

आमचे हे अकोल्याच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. माझी पहिली नोकरी पातूरच्या पुढच्या एका गावात होती, त्यामुळे रोज सकाळी मी त्या स्थानकावर गाडीची वाट पाहत असे. चहावाले, पोरांची रडारड, इंजिनांची घरघर या सगळ्यावरून एक आवाज यायचा, "पातूर, मालेगावमार्गे वाशिमला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे." इतकं स्वच्छ मराठी मी आमच्या हेडमास्तरांच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं. वर्षभर तो आवाज ऐकला, माणूस कधी पाहिला नाही. पुढे स्थळ आलं, पाहुणे बसले, आणि मुलगा म्हणाला, "मले साखर कमी पायजे चहात." मी चमकून पाहिलं. माईक सुटला की हे अस्सल वऱ्हाडी बोलायचे, पण आवाज तोच होता. मला हसू आलं आणि आईनं डोळे मोठे केले. त्या आवाजाशी मी लग्न केलं असं म्हटलं तरी चालेल.

संसारात मी आधी पैसे जमवायची, मग वस्तू आणायची. फ्रिज आला तो शेजारपाजाऱ्यांच्या घरी येऊन जुना झाल्यावर. स्कूटर, टीव्ही, पंखे, सगळं असंच. हे चिडवायचे, "आपल्या घरी वस्तू येते तवा तिची फॅशन संपून जाते." पण कधी अडून बसले नाहीत. मी वर सुनवायची, "कोणाचं देणं नाही आपल्यावर. रात्री झोप लागते ना?" हे वाक्य माझ्या तोंडी इतकं बसलेलं होतं की मुलगी लहानपणी माझी नक्कल करताना तेच म्हणायची.

निवृत्तीनंतर आम्ही अमरावतीला घर बांधलं, अर्थात रोखीनं. माझ्या फंडातले उरलेले पैसे मी मुदत ठेवीत टाकले आणि बजावून ठेवलं, ही ठेव आजारपणासाठी आहे, हिला हात लावायचा नाही. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली होती. हे संध्याकाळी फाटकाशी उभे राहायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून बोलायचे. भाजीवाली, पोस्टमन, शेजारचे निवृत्त तलाठी, कोणीही चालायचं. नोकरीभर ज्यांना फक्त सूचना दिल्या त्यांच्याशी आता गप्पा मारून घेतो, असं त्यांचं म्हणणं.

मग हळूहळू टीव्हीचा आवाज वाढत गेला. मी स्वयंपाकघरातून विचारलेल्याला उत्तर येईना. मी आधी ते नेहमीच्या नवरेपणाच्या खाती टाकलं. पण फाटकाशीही हे नुसते हसून मान डोलवायला लागले. तलाठ्यांनी कोणाची तरी बायको वारल्याचं सांगितलं आणि हे हसत "छान, छान" म्हणाले, तेव्हा मी त्यांना राजापेठेत कान तपासायला घेऊन गेले.

तिथल्या मुलीनं यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले. आधी बारीक आवाज सोडले, मग शब्द. दार, मीठ, पाणी, विहीर. आवाज मोठा केला की हे बरोबर म्हणून दाखवत होते, एखादाच चुकत होता. मला तर परीक्षेला बसवलेल्या पोराच्या आईसारखं झालं होतं. मुलगी म्हणाली, "शब्द छान ओळखतात काका. मशीन लावलं की चांगलं होईल. दोन्ही कानांना लावा आणि उशीर करू नका." मग तिनं किंमत सांगितली. दोन्ही कानांचे मिळून दीड लाखाच्या वर. माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "बारा हप्ते करून देतो काकू, व्याज नाही. फक्त क्रेडिट कार्ड लागेल."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "उशीर करू नका म्हणे. कोणता दुकानदार म्हणते, सावकाश घ्या?" यांना ते ऐकूच गेलं नाही. रिक्षात मी तेच पुन्हा ओरडून सांगितलं आणि रिक्षावाला हसला.

पंधरा दिवसांनी कुरिअरनं एक पाकीट आलं. आत क्रेडिट कार्ड होतं, यांच्या नावाचं. मला न सांगता यांनी बँकेत जाऊन अर्ज केला होता. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि माझ्यापासून लपवून केलेली ही त्यांची पहिली गोष्ट. माझं डोकंच फिरलं. टेबलावर यांचा अडकित्ता पडला होता. मी तो उचलला आणि कार्डाचे दोन तुकडे केले. प्लास्टिक चिवट होतं, दोनदा दाबावं लागलं. हे पाहत उभे होते. म्हणाले, "धार गेली असंन आता त्याची." अडकित्ता उचलून बोटानं धार पाहिली आणि सुपारीच्या डब्यात ठेवून दिला. त्यांना कशासाठी हवं होतं ते कार्ड, हे मी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं.

मुलीनं फोनवर सांगितलं, "आई, माझ्या कार्डावर घेते. तुम्ही मला हळूहळू द्या, नाही दिले तरी चालतील." मी म्हणाले, "लेकीचं घेऊन बापाचे कान आणू का?" एरवी मी लेकीकडे पाणी पिऊ नये वगैरे गोष्टींची थट्टा करणारी बाई. वर्गात पोरींना सांगायची, आईबापाला मुलीनंही सांभाळायचं असतं. पण त्या दिवशी मला ती जुनी रीत बरोबर सापडली. अडचणीच्या वेळी माणसाला जुन्या रीती पटापट आठवतात.

आणि मुदत ठेव होती. ती मोडता आली असती. हाच प्रश्न मी स्वतःला आज सगळ्यात जास्त वेळा विचारते. पण ती आजारपणासाठी होती, आणि बहिरेपण मला आजार वाटलाच नाही. ताप नाही, कळ नाही, सलाईन नाही. माणूस जेवतो, झोपतो, फिरतो. आजारपण म्हणजे दवाखान्यात पलंग, अशी माझी समजूत. रोजच्या जगण्यातून एक माणूस थोडा थोडा निघून जातो आहे, हे मला दिसत असून कळत नव्हतं.

तेव्हा मी माझ्या पद्धतीनं पैसे जमवायला सुरुवात केली. पेन्शन आली की दर महिन्याला काही रक्कम बाजूला. दरम्यान औषधाच्या दुकानातून एक स्वस्तातलं यंत्र आणून दिलं. ते कानात कुई कुई करायचं. चार दिवस लावून यांनी ते खणात टाकलं. मग अकोल्याला नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. मामा-मामीचा आहेर साधा कसा चालेल? कानांच्या पैशांतून सोन्याची अंगठी घेतली. मी यांना कागदावर लिहून विचारलं होतं. यांनी हातानंच घे म्हटलं. मग म्हणाले, "मले आता काय आयकाचं रायलं?" मी ते खरं धरलं. मला ते सोयीचं होतं.

त्या लग्नात हे मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. अकोल्यातले त्यांचे जुने सोबती आले, खांद्यावर हात ठेवून बोलले, आणि थोड्या वेळानं एकेक करून उठून दुसरीकडे गेले. मी बायकांच्या घोळक्यातून हे पाहिलं. अंगठी नवरीच्या बोटात छान दिसत होती, सगळ्यांनी वाखाणली.

त्याच काळात नात बोलायला लागली. मुलगी व्हिडिओ कॉल करायची, नात स्क्रीनला नाक लावून "आबा, आबा" करायची. हे तिच्याकडे पाहून हसायचे आणि मला विचारायचे, "काय म्हणून रायली?" मी सांगायची. पोरीचं बोबडं बोलणं माझ्या मास्तरणीच्या आवाजात ओरडून सांगितलं की त्यात काही उरायचं नाही. पुढे पुढे नातही फोनवर आजीलाच हाक मारायला लागली.

पैसे पुरे व्हायला सव्वादोन वर्षं लागली. मी नवी साडी नेसून यांना राजापेठेत घेऊन गेले. तीच मुलगी होती. तिनं पुन्हा काचेच्या खोलीत बसवलं, पुन्हा तेच शब्द. दार म्हटलं, हे गप्प. मीठ म्हटलं, हे म्हणाले, "काहीतरी म्हणली." आवाज वाढवला, तरी तेच. विहीर तेवढं बरोबर आलं. हे काचेतून माझ्याकडे पाहत होते, बरोबर आलं का असं विचारल्यासारखं. मी मान हलवली.

मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, मशीननं आवाज पोचेल, पण शब्द सुटे होऊन कळायला अडचण राहील. फार दिवस ऐकायला मिळालं नाही की मेंदूची सवय मोडते."

"तेव्हाच लावलं असतं तर?"

"फरक पडला असता. किती, ते नाही सांगता येणार." ती चांगली मुलगी होती, तिनं आठवण करून दिली नाही की तिनं सांगितलं होतं. मी चौथीच्या पोरांना दरवर्षी 'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण शिकवायची. झोपा म्हणजे गोठ्याचं दार, हे समजावून सांगायची, फळ्यावर बैलही काढायची. तरी ती म्हण मला त्या दिवशी कळली.

यंत्रं घेतली. पैसे भरताना मुलगी म्हणाली, "क्रेडिट असेल तर अजूनही हप्ते होतील काकू." मी म्हणाले, "डेबिट." या क्षणाची मी सव्वादोन वर्षं वाट पाहिली होती, एकदम सगळे देऊन ऐटीत बाहेर पडायचं होतं. मशीनमधून पावती निघाली, ती मी न पाहता पर्समध्ये कोंबली.

आता यांना आवाज येतो. कुकरची शिट्टी येते, फाटकाची कडी येते, भाजीवाली ओरडली हे कळतं. काय ओरडली ते कळत नाही. मागच्या महिन्यात आम्ही अकोल्याला गेलो होतो. परतीच्या वेळी स्थानकावर कर्ण्यातून कोणीतरी गाडी पुकारत होतं. हे थबकले, मान तिरपी करून ऐकत राहिले. ज्या जागेवरून यांनी उभं आयुष्य लोकांना गाड्या सांगितल्या तिथे यांनी मला विचारलं, "कोणती लागली?" मी बोटांनी दाखवलं, आपली नाही.

घरी मी शाळेतली पाटी काढली आहे. माझं अक्षर चांगलं आहे, एवढा एक उपयोग झाला. चहा ठेवू का, तलाठी आलेत, नात पडली पण लागलं नाही, असं सगळं पाटीवर चालतं. एक गोष्ट मात्र मी कितीतरी दिवस तोंडानंच म्हणत होते, यांची पाठ असताना, भांडी घासताना. लिहीत नव्हते. लिहिलं की ते यांना कळणार होतं.

अकोल्याहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हे ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. अडकित्त्याला तेव्हापासून एके ठिकाणी खाच आहे. मी शेजारी बसले आणि पाटीवर लिहिलं, 'माझं चुकलं. कान तेव्हाच घ्यायला पाहिजे होते.' यांनी चष्मा लावून ते वाचलं. दोनदा वाचलं असावं. मग तळहातानं पाटी पुसली, सुपारीचं एक खांड माझ्या हातावर ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, कारण आता ते सगळंच मोठ्यानं बोलतात, "जाऊ दे. कोनाचं देनं तं नाही ना आपल्यावर."

ते वाक्य माझं होतं. यांचे कान चांगले होते तेव्हा मीच ते रोज यांच्या कानी घालत आले होते.