एकवीस नंबरचा हट्ट

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या तालुक्याच्या गावी, पोस्टाच्या मागच्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड होता आणि त्यावर मी ऑपरेटर होतो. पाठशाळेत वेदपठण करून आलेला मनुष्य. बोर्डाला नमस्कार केल्याखेरीज खुर्चीवर बसत नसे. बोर्डावर पन्नास भोके, प्रत्येकाखाली रंगवलेला क्रमांक. कोणी फोन मागितला की दोरीच्या टोकाची पितळी दांडी त्या भोकात घालायची आणि घंटी द्यायची. एवढे साधे काम; पण ते साधे राहू द्यावे असे कोणालाच वाटत नव्हते.

सरकीच्या एका व्यापाऱ्यांना वीस क्रमांक मिळाला. ते पोस्टमास्तरांपुढे ठाण मांडून बसले. "शून्यावर धंदा होते का, साहेब? अहेरात बी कोनी वीस देत नाई. मले एकवीस पाह्यजे."

एकवीस डॉक्टरांचा होता. त्यांनी तो हसून सोडला आणि वीस घेतला. पोस्टमास्तरांनी नवी यादी त्याच दिवशी घरोघर वाटली. परंतु बोर्डामागच्या दोन तारांची अदलाबदल करणारा लाइनमन मोताळ्याकडे खांब उभारायला गेलेला. मी विनवले, "तारा बदलल्यावाचून यादी बदलू नये."

पोस्टमास्तर म्हणाले, "पंडितजी, तुम्ही वेद उलटसुलट म्हणता, आणि दोन आकडे लक्षात राहत नाहीत?"

टोमणा झोंबला. मी मान्य केले, आणि तिथेच चुकलो. पंधरा दिवस कोणी वीस मागितला की मी दांडी एकवीसमध्ये घाली, एकवीस मागितला की वीसमध्ये. अखेर हाताला तेच वळण पडले.

एके दुपारी जेवून आलो. माझ्या जागी बसलेले पोस्टमास्तर उठून गेले, तोच जवळच्या खेड्यातून एका शेतकऱ्याचा फोन आला. "वीस द्या जी, डाक्टर पाह्यजे! बायको कालपासून अडली हाय."

मी एकवीसमध्ये दांडी घातली. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. "डॉक्टर घरी नसावेत," मी सांगितले.

तो काकुळतीला आला. "असं नका म्हनू जी. अजून वाजवा."

पुन्हा वाजवली. अखेर फोन उचलला तो व्यापाऱ्यांनी! शेतकऱ्याने बायको अडल्याचे सांगताच ते खेकसले, "काय पंडितजी, जेवू द्यान का नाई? इथं सरकी भेटते, बाळंतपन नाई होत!"

दांडी उपसून वीसमध्ये घातली. पहिल्याच घंटीला डॉक्टर बोलले आणि लगेच जीप घेऊन निघाले.

अंगणात लाइनमन चहा पीत बसला होता. मी जेवायला गेलो असताना त्याने तारा बदलल्या होत्या.

"अरे, मला सांगायचे नाही?"

"तुमीच तं पंधरा दिवस मांगं लागले होते, पंडितजी. केलं न!"

पोस्टमास्तरांच्या डोळ्यांदेखत हे झाले होते. ते म्हणाले, "चला, सुटलो एकदाचे."

सायंकाळी त्या शेतकऱ्याचा फोन आला. मायलेक सुखरूप होती. मग त्याने विचारले, "डाक्टर म्हनत होते, मी तं घरीच होतो. तुमी नाई हाय काऊन म्हनले जी?"

वीस, एकवीस, यादी, लाइनमन. त्याला कुठून सांगायला आरंभ करावा? "चूक माझी," एवढेच म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून बोर्डाला नमस्कार मागच्या बाजूने, तारा नीट पाहून करू लागलो.