खिडक्यांचं सिलिकॉन काढणारा

बाळांनो, तुम्ही नाताळात आल्यावर ज्या जुन्या, आत झोपायची सोय असलेल्या मोटारहोममधून आपण फिरायला जाणार आहोत, तिच्या खिडक्यांतून पाणी झिरपतं आणि थेट तुमच्या गाद्यांवर येतं. फटी बुजवणारं जुनं सिलिकॉन काढायला आपल्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्याच गोहलपुरातून एक माणूस आला. त्याने नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तो गरम हवा मारून सिलिकॉन मऊ करी, पातळ पात्याने कड उचली आणि लांब पट्टी ओढून काढी. प्रत्येक पट्टी हुंगून बाजूला ठेवी. हुंगायचं काय त्यात? शिवाय चांगली दिसणारी पट्टीही तो सोडत नव्हता.

परक्यासमोर खासगी बोलायचं ते मराठीत, ही आपल्या घरची जुनी सवय. मी आजोबांना म्हटलं, "अहो, हा चांगलं सिलिकॉनही उचकटून राहिला. मुद्दाम काम वाढवतो. लबाड दिसतो."

"हळू बोल."

"त्याला काय कळतंय?"

पात्याचा आवाज थांबला. "काकू, जुन्यावर नवं चिकटत नाही, म्हणून सगळंच काढून राहिलो," तो मान न वळवता म्हणाला.

मी चपापले. "मराठी येते, तर सकाळपासून हिंदी काहून बोलून राहिले, भैया?"

"हिंदीत तुम्ही मला 'आप' आणि 'जी' म्हणत होत्या. मनातलं मराठीतच ऐकू येत होतं."

आजोबा खो खो हसले. मी हसले नाही. उद्या तो नवं सिलिकॉन भरायला येणार आहे. माझा संशय अजून गेलेला नाही, पण उद्या जे विचारायचं ते, पट्ट्या का हुंगतो तेही, मी त्यालाच विचारीन.