स्टीअरिंगमधली पिशवी

बी.कॉम. होऊन मी शिरवण्याजवळच्या एका गॅरेजात कारकून लागलो. आमच्या घरातली ती पहिली पदवी. एकदा परदेशी कंपनीचं पत्र आलं. काही गाड्यांच्या स्टीअरिंगमधली एअरबॅगची पिशवी धक्का न लागताही फुटू शकते, त्या परत बोलवा. मी सगळ्या मालकांना कळवलं. एक पत्र परत आलं, कारण मालक गाडी विकून गेला होता. मी ते फाइलला लावलं.

तिथला सातवी शिकलेला मेकॅनिक म्हणाला, "मानूस नाय भेटला, पन गाडी चालतेय ना कुठंतरी?"

तीन रविवार तो सायकलवरून गावोगाव फिरला. तळवलीत गाडी सापडली, तेव्हा नंबर ताडून बघायला मलाही घेऊन गेला. गाडी फुलांनी सजली होती. नवऱ्याचा बाप ओरडला, "आज वरात हाय. उद्या ये!"

"काका, चालवनार कोन?"

"माझा धाकटा."

"मंग फुटली तर त्याच्याच छातीवर."

बाप बाजूला झाला. मेकॅनिकने बॅटरीची वायर काढली, सगळ्यांना लांब केलं आणि आत साठलेली वीज उतरेपर्यंत दहा मिनिटं जमिनीवर बसून राहिला. बँडही थांबला. मग एकटाच आत शिरून त्याने ती पिशवी सोडवली आणि अंगापासून दूर धरत शेतात नेऊन आभाळाकडे तोंड करून ठेवली.

पिशवीबरोबर हॉर्नचं बटणही निघालं होतं. म्हणून बॅटरीची वायर परत जोडून मेकॅनिक स्वतःच गाडी चालवायला बसला आणि खिडकीतून हाका मारत निघाला, "सरका रे, नवरा आला!"