त्रिंबक गवंड्याचा झरोका

भिंतीला भोक पाडण्याआधीच पलीकडचं काय ऐकू येणार, ते त्रिंबक गवंडी सांगायचा. "वीतभर झरोका ठेवलास तर सासूच्या शिव्या येतील, सुनेचं रडणं नाय यायचं." लोक हसायचे, पण निघायचं तसंच.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर त्रिंबकच्या शेजारची रहमतबी घरदार सोडून गेली, ती परतलीच नाही. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत कालवणाची वाटी द्यायला झरोका होता. त्यातून रहमतबीचा पान कुटायचा खलबत्ता अजून ऐकू येतो, म्हणून त्रिंबकची बायको सुगंधाबाई फुलंब्रीला माहेरी निघाली.

"थांब, बुजवतो. चुना-विटंतून खलबत्ता येत नसतो," त्रिंबक म्हणाला.

झरोका बुजला. संध्याकाळी खलबत्ता त्यालाही ऐकू आला, अगदी उशापाशी.

"आवं, तुमचा अंदाज गेला कुठं?" सुगंधाबाईनं विचारलं.

त्यानं विटा काढल्या. पलीकडं नुसती जळमटं होती, तरी कुटणं चालूच. शेवटी सुगंधाबाईनंच वाटीभर कालवण झरोक्यात ठेवलं. "घ्या, भाभी." आवाज थांबला.

आता ती रोज वाटी ठेवते, माहेरचं नाव काढत नाही. कालवण मांजर खातं, असं त्रिंबक सांगतो. वाटी धुतलेली कशी असते, ते मात्र त्याला सांगता येत नाही.