काकांचा परदेश

समुद्र न ओलांडता अर्धं आयुष्य परदेशात काढलेला माणूस जगात एकच असेल, आणि तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. नोकरीने काकांना पुण्याहून उचलून वऱ्हाडात, मोर्शीच्या कचेरीत आणून टाकलं, तेव्हापासून 'तुमच्या मुलखात' म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्यच सुरू होत नसे. तुमच्या मुलखात ऊन फार, तिखट फार, आणि कचेरीत अर्ज घेण्याआधी 'जेवले का?' विचारतात, अर्जाचा आणि जेवणाचा संबंध काय? घरमालक पाटलांची संत्र्याची बाग होती. हंगामात ते टोपली पाठवत. काका ती लाच म्हणून परत करत. मग टोपली मागच्या दाराने मावशीकडे येई, आणि रात्री 'ही बाजारची ना?' असं विचारून काका फोडी मिटक्या मारत खात. मावशी खुशाल हो म्हणे. घरात खोटं बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. दर दिवाळीला काका आमच्याकडे अमरावतीला आले की निघताना सांगत, "पुढची दिवाळी पुण्यात."

मग माझी मावसबहीण नागपूरला डॉक्टरकी शिकायला निघाली. तेव्हा वऱ्हाड-नागपूरचा प्रांत पुण्याहून वेगळा होता, आणि जागा त्या प्रांतातल्याच मुलांना मिळणार होती; बापाने इथे कायमचं राहणार असल्याचं शपथेवर सांगायचं आणि एक साक्षीदार आणायचा. काकांचं अन्नावरचं लक्ष उडालं. खोटी शपथ घ्यायची नाही आणि पोरीचं नुकसानही करायचं नाही, अशा कात्रीत ते सापडले. मला त्यांची फार दया आली.

तहसील कचेरीत मी सोबत गेलो होतो. साक्षीला पाटील. हे गृहस्थ तर सारखे पुण्याला जाण्याच्या गोष्टी करतात असं ऐकतो, असं तहसीलदारांनी विचारलंच.

"करतेत ना," पाटील म्हणाले. "माह्या लग्नाच्या आंधीपासून आयकून राहिलो. पन साहेब, जानारा मानूस सांगत नाई बसत. थो टांगा बोलावते."

तहसीलदारांनी काकांकडे पाहिलं. काका बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिले. मग हळूच "राहणार" म्हणाले.

बहीण डॉक्टर झाली. काकांना पेन्शन झाली तेव्हा पुण्याच्या भावाने खोली रिकामी करून ठेवली, पण काका गेले नाहीत. एकदा बागेच्या बांधावर बसलो असताना मी म्हणालो, "काका, पोरीपायी अडकलात. त्या दिवशी दुसरा मार्गच नव्हता."

काका बागेकडे पाहत म्हणाले, "होता की. खोटं बोलता आलं असतं."